नगराचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. यंदा ज्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत आणि या देशाचेही नव्हेत. तरी ज्ञातिबांधवांनी ते वाचावे अशी आमची इच्छा आहे. तिचे कारण ओघाने येईलच.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर गावी झाला. त्यांचा मूळ विषय जीवशास्त्र. लंडनला प्रख्यात शास्त्रज्ञ हक्स्ले यांच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले. १८७९ मध्ये संशोधनासाठी ते मेक्सिकोस गेले असता त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुणास याहून मोठा आघात तो कोणता? अंधाऱ्या खोलीत बसून खिडकीच्या तावदानांचे चौकोन ते बोटांनी चाचपीत आणि त्या चौकोनांत आपले विचार मांडीत. दृष्टी परत आली, परंतु पुढे त्यांचे लक्ष पेशींवरून माणसांच्या वस्तीकडे वळले.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. नंतर या दांपत्याने एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीतील जेम्स कोर्ट येथे बिऱ्हाड थाटले. व्याख्याने न देता त्यांनी झाडू व चुना हाती घेतला. हळूहळू शेजारीही कामाला लागले. ज्याच्या दारातील घाण, त्याच्याच हातून ती निघाली तर पुन्हा साचत नाही, हे त्यांना तेथे उमगले.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. नगररचनेच्या प्रदर्शनाचे त्यांचे सारे नकाशे व चित्रे घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. अनेक वर्षांचा संग्रह समुद्रार्पण झाला! मित्रांच्या साहाय्याने नवा संग्रह जमवून १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

नंतर तंजावर, मदुरा, बलरामपूर अशा कितीतरी नगरांचे अहवाल त्यांनी लिहिले. त्या काळचे इंजिनिअर नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढीत आणि त्या रेघेखाली येणारी घरे पाडीत. गेडिस आधी गल्लीगल्लीतून पायी हिंडत, प्रत्येक घर, विहीर व झाड नोंदीत. मग पडक्या घरांपैकी दोनचार काढून तेथे लहानसा चौक करावा, एखादे झाड लावावे आणि बाकीची वस्ती जागच्या जागी सुधारावी, असा सल्ला देत. रोग्याचा हात तोडण्याऐवजी गळू कापणाऱ्या वैद्याची ही रीत होय. आमच्या आळीत रस्तारुंदी आली तेव्हा भिंतीवर तांबड्या रंगाची खूण उमटेपर्यंत कोणास पत्ता नव्हता. नकाशा कचेरीत होता म्हणे. आम्ही आयुष्यभर मुलांना नकाशावाचन शिकविले, आणि आमच्याच घराचा नकाशा आम्हांस पाहावयास मिळाला नाही! असो.

१९१७ हे वर्ष गेडिस यांच्यावर घाला घालणारे ठरले. एप्रिलात थोरला पुत्र अलास्डेर फ्रान्सच्या रणांगणावर पडला. त्या वेळी पत्नी हिंदुस्थानातच रुग्णशय्येवर होती. तिला ही वार्ता त्यांनी कळू दिली नाही. थोड्याच आठवड्यांत तीही गेली.

अशा मनःस्थितीत त्यांनी १९१७-१८ मध्ये होळकरांच्या इंदूरचे काम केले. तेथे प्लेगचे थैमान होते. हाती नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरणारा हा दाढीवाला साहेब घरे पाडण्यास आला, प्लेगही यानेच आणला, असे लोकांस वाटे. तेव्हा गेडिस यांनी दरबारकडून एका दिवसापुरते राजेपण मागून घेतले आणि दवंडी पिटविली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांतील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील, तेथूनच जाईल. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून घरोघर झाडझूड, डागडुजी व रंगसफेती सुरू झाली. हजारो गाड्या केर निघाला, हजारो उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे व सुगीचे देखावे होते. मागे रोगराईचा राक्षस व प्लेगचा अजस्र उंदीर होता. आणि त्यानंतर, आमच्या मते साऱ्या सोहळ्याचे सार म्हणावे असे, नगराचे सफाईकामगार आले. अंगावर शुभ्र नवी वस्त्रे, हाती नवे झाडू, रंगविलेल्या गाड्या, सजविलेले बैल. त्यांच्या डोक्यावर नगराच्या रंगाचे नवे पागोटे होते. त्याच रंगाचे पागोटे नगराध्यक्षांच्या, अधिकाऱ्यांच्या व खुद्द गेडिस यांच्या मस्तकी होते. आणि ते धारण करण्याची परवानगी गेडिस यांनी सफाईकामगारांकडे मागितली होती. हे वाक्य आपण ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत वाचीत आहोत, इकडे वाचकांचे लक्ष वेधतो. त्या काळी त्या लोकांच्या सावलीचाही विटाळ मानीत, आणि तो मानणाऱ्यांत आपले वाडवडील नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही.

शेवटी राक्षस व उंदीर यांचे दहन झाले आणि लोकांस तुळशीची रोपे वाटली गेली. प्लेग ओसरला. त्यात हंगाम पालटल्याचाही भाग असावा. सारे श्रेय मिरवणुकीस देणे रास्त नव्हे. परंतु साहेबास पाहून मुलांना घरात ओढणारे लोक आता त्याचे बोलणे ऐकू लागले.

गेडिस निर्दोष होते असे नाही. ते दाढीत पुटपुटत बोलत, त्यामुळे व्याख्यान मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नसे. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घेत. त्यांचे बरेचसे अहवाल दप्तरातच पडून राहिले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे पहिले अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. कोकणातून आलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाचे गुण हेरून त्यास विलायतेस धाडण्याची शिफारस त्यांनीच केली. १९२४ मध्ये गेडिस गेले आणि तो विभाग घुर्ये यांच्याकडे आला. १९३२ मध्ये गेडिस यांस सर ही पदवी मिळाली व त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांनी देह ठेवला. घुर्ये यांचा हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील ग्रंथही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. आमच्या संग्रहातील त्याची प्रत कोणा ज्ञातिबांधवास वाचावयाची असल्यास घरी येऊन न्यावी.