जो वॉकर: आधी समीकरणं उडवली, मग विमान

मी रोज कोड लिहितो, त्यामुळे कॉम्प्युटर म्हटलं की मला प्रोग्रॅमच आठवतो. पण जो वॉकरने ज्या कॉम्प्युटरवर अंतराळाच्या सीमेपर्यंत जायचा सराव केला, तो वायरी जोडून चालायचा!

वॉकरचा जन्म १९२१चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. फिजिक्सची पदवी, महायुद्धात हवाई दल आणि मग नासाच्या आधीच्या 'एनएसीए' संस्थेत टेस्ट पायलट.

२७ ऑक्टोबर १९५४ रोजी तो एक्स-३ उडवत होता. लांबलचक जड बॉडी, इवलेसे पंख. त्याने विमान झटकन कुशीवर वळवलं आणि नाक भलतीकडेच गेलं. एकाच उड्डाणात दोनदा! दोन्ही वेळा त्याने विमान सावरलं.

असं का झालं? अशा विमानाला एका अक्षाभोवती जोरात फिरवलं की बाकीच्या अक्षांभोवतीही ते फिरू लागतं. म्हणजे सगळी समीकरणं एकमेकांत गुंतलेली. हाताने सोडवायला फार वेळ लागतो आणि तेव्हाचे डिजिटल कॉम्प्युटर पायलटच्या हाताच्या वेगाने उत्तर देऊ शकत नव्हते.

इथे ॲनालॉग कॉम्प्युटर कामाला आला. त्यात विमानाचा कोन, वेग, सगळं म्हणजे व्होल्टेज. समीकरण वायरींनी जोडायचं, विमानाचे गुणधर्म नॉब फिरवून सेट करायचे. कपॅसिटरमध्ये चार्ज साठत जातो, तेच इंटिग्रेशन. सगळे भाग एकाच वेळी चालतात, म्हणून स्टिक हलवली की समोरचे काटे लगेच हलतात.

रॉकेटवर उडणाऱ्या एक्स-१५चा सिम्युलेटर असाच होता. खरं उड्डाण दहा-बारा मिनिटांचं, सराव कित्येक तासांचा. उड्डाणात मोजलेल्या आकड्यांवरून नॉब पुन्हा सेट व्हायचे. परतताना नाक ठरलेल्या कोनात धरणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि तो कोन पायलटच्या हातात आधीच बसलेला असायचा. २२ ऑगस्ट १९६३ रोजी वॉकर सुमारे १०८ किलोमीटर उंचीवर जाऊन सुखरूप उतरला.

त्याचा जीव गेला तो प्रयोगात नाही. ८ जून १९६६ रोजी फोटोसाठी काही विमानं जवळजवळ उडत होती. वॉकरचं विमान अजस्र एक्सबी-७०ला धडकलं. एक्सबी-७०चा सहवैमानिकही गेला. वॉकर ४५ वर्षांचा होता.

नासाने त्याला अंतराळवीराचा बॅज दिला २००५ मध्ये. मला मात्र तो त्या वायरींच्या जाळ्यासमोर, पुन्हा पुन्हा तेच उड्डाण करताना जास्त लक्षात राहतो.