बुद्धमूर्तींचे राखणदार : ओकाकुरा तेन्शिन

भारतातून धम्म लोप पावला तेव्हा बुद्धमूर्ती मातीखाली गेल्या, हे आपण जाणतोच. मात्र ज्या जपानला आपण बौद्ध देश म्हणून ओळखतो, तेथेही सुमारे दीडशे वर्षांपूर्वी बुद्धमूर्ती सरपणात गेल्या, हे फारसे कोणास ठाऊक नसते. 1868 मध्ये मेइजी शासनाने शिंतो देवस्थाने आणि बौद्ध विहार यांची फारकत करण्याचा आदेश काढला. त्यानंतर ठिकठिकाणी विहारांची मोडतोड झाली. शतकानुशतके जपलेल्या मूर्ती, ग्रंथ आणि घंटा नष्ट झाल्या किंवा कवडीमोलाने परदेशी गेल्या. हा ठेवा वाचविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ओकाकुरा काकुझो ऊर्फ तेन्शिन यांचे नाव अग्रभागी आहे.

ओकाकुरा यांचा जन्म 1863 मध्ये योकोहामा या बंदरात झाला. वडील मूळचे सामुराई. पुढे ते रेशमाचे व्यापारी झाले. मातृछत्र लहानपणीच हरपले. इंग्रजी ते मिशनऱ्यांकडे शिकले आणि चिनी अभिजात ग्रंथांचे अध्ययन त्यांनी एका बौद्ध विहारात राहून केले. टोकियो विद्यापीठात अर्नेस्ट फेनोलोसा हे अमेरिकन प्राध्यापक तत्त्वज्ञान शिकवीत. जपानी कलेने भारावलेल्या या गुरूचे दुभाषी म्हणून ओकाकुरा काम करू लागले आणि 1880 मध्ये पदवी घेऊन शिक्षण खात्यात रुजू झाले.

1884 मध्ये शासनाच्या वतीने दोघे नाराजवळच्या होर्यूजी विहारात गेले. तेथील अष्टकोनी स्वप्नमंदिरात अवलोकितेश्वराची सातव्या शतकातील मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. ती उघडल्यास कोप होईल, या भयाने भिक्षू तयार नव्हते. अखेर दार उघडले, लांबच लांब कापडाची गुंडाळी सुटली आणि कापराच्या लाकडात कोरलेली, सोन्याच्या वर्खाने मढविलेली पुरुषभर उंचीची मूर्ती प्रकट झाली. कोप काही झाला नाही. उलट इतिहासाला एक अनमोल पुरावा मिळाला.

पुढे देशभरातील विहारांच्या संपत्तीची पाहणी करण्यासाठी 1888 मध्ये शासकीय कार्यालय स्थापन झाले. त्या कामात ओकाकुरा यांचा मोठा वाटा होता. सुमारे दोन लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. त्यातूनच 1897 मध्ये प्राचीन देवस्थाने व विहार यांच्या संरक्षणाचा कायदा आला. जे नोंदले गेले ते वाचले, असेच म्हणावे लागेल.

नोंदीबरोबर हातांतील कसबही टिकले पाहिजे, ही त्यांची धारणा होती. जपानी शिल्पी अनेक लाकडी ठोकळे जोडून, आतून पोकळ ठेवून भव्य मूर्ती घडवीत. त्यामुळे लाकूड तडकत नसे. उनकेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1203 मध्ये नाराच्या तोदाइजी विहाराच्या महाद्वारी आठ मीटरहून उंच द्वारपाल याच पद्धतीने उभे केले. 1889 मध्ये सुरू झालेल्या टोकियो कलाविद्यालयात चित्रकला, काष्ठशिल्प, धातुकाम आणि लाखकाम शिकविले जाई. 1890 मध्ये ओकाकुरा त्याचे प्राचार्य झाले. 1898 मध्ये त्यांना पद सोडावे लागले, तेव्हा त्यांनी निहोन बिजुत्सुइन ही संस्था उभारली. या संस्थेच्या कारागिरांनी जीर्ण बुद्धमूर्तींची दुरुस्ती हाती घेतली.

1902 मध्ये ते भारतात होते. बोधगयेत जपानी यात्रेकरूंच्या निवासासाठी जागा मिळविण्याचा त्यांचा प्रयत्न सफल झाला नाही. महाविहार तेव्हा महंतांच्या ताब्यात होता, आणि हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. त्याच प्रवासात त्यांनी निजामाच्या राज्यातील, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील, अजिंठा पाहिले. होर्यूजीच्या भित्तिचित्रांचे मूळ नाते त्यांना येथे दिसले. पुढे त्यांच्या संस्थेचे चित्रकार अराई काम्पो यांनी 1917-18च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि उतारवयात होर्यूजीच्या चित्रांच्या प्रतिकृतींचे काम केले. 1949 मध्ये होर्यूजीची मूळ चित्रे आगीत होरपळली, तेव्हा अशा प्रतिकृतींचे मोल जगाला कळले.

1904 पासून ओकाकुरा यांनी अमेरिकेतील बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम केले. 1913 मध्ये, वयाच्या अवघ्या पन्नाशीत, त्यांचे निधन झाले.

इतिहासाच्या शिक्षकाने एक गोष्ट झाकून ठेवू नये. संपूर्ण आशिया एक आहे, हा त्यांचा विचार त्यांच्या पश्चात जपानी साम्राज्यवाद्यांनी आक्रमणासाठी वापरला. ज्या बुद्धाच्या मैत्रीने आशिया जोडला गेला, त्याच्याशी ही गोष्ट सर्वथा विसंगत होती.

ओकाकुरांचे चरित्र आपल्यासाठी दूरचे नाही. तेर येथील विटांचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे अभ्यासक मानतात. लातूर-नांदेडच्या गावशिवारात किती भग्न मूर्ती शेंदराखाली किंवा बांधावर पडून असतील! या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने आपल्या गावातील अशा अवशेषांचे छायाचित्र काढावे, मोजमाप लिहावे, जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व विभागास कळवावे. मूर्ती हलवू नये, रंगवू नये. बाबासाहेबांनी आपल्याला इतिहास दिला. त्याचे पुरावे जपणे हे आपले काम आहे.

त्या थोर कलारक्षकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.