पाषाणातील अरण्यांचा वाचक : डॉ. बिरबल साहनी

झेलमच्या काठी भेरा नावाचे एक जुने गाव आहे; आज ते पाकिस्तानात मोडते. तेथे १४ नोव्हेंबर १८९१ रोजी बिरबल साहनी यांचा जन्म झाला. गावापासून फार दूर नाही अशी सॉल्ट रेंज ही डोंगररांग मिठाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. कोट्यवधी वर्षांचे खडकांचे थर तेथे ग्रंथाच्या पानांसारखे उघडे पडलेले दिसतात. खेवड्याच्या खाणी आणि भोवतालचे डोंगर हीच बिरबलांची भूशास्त्राची पहिली शाळा ठरली.

वडील रुचिराम साहनी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. विज्ञान सामान्य जनांपर्यंत पोहोचावे म्हणून ते लोकभाषेत व्याख्याने देत. सुट्टी लागली की मुलांना घेऊन ते हिमालयात पायी भ्रमंतीला निघत. रोहतांग, अमरनाथ, झोजी ला अशा दुर्गम वाटा त्या मुलांनी तुडविल्या. वाटेत वनस्पती आणि दगड गोळा करण्याचा छंद बिरबलांना येथेच जडला. त्यांचे धाकटे बंधू मुल्कराज हे पुढे भूशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले, हाही त्याच संस्कारांचा परिपाक म्हणावा लागेल.

१९११ मध्ये पदवी मिळाल्यावर मुलाने सनदी सेवेत जावे अशी पित्याची इच्छा होती. बिरबलांचा ओढा मात्र वनस्पतिशास्त्राकडे होता. ज्या पित्याने डोंगर दाखविले, त्यानेच अखेर मुलाचा कौल मानला. केंब्रिजमध्ये प्रा. सीवर्ड यांच्या मार्गदर्शनाखाली अध्ययन करून बिरबल १९१९ साली मायदेशी परतले आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले.

आपल्या दख्खनच्या भूमीशीही त्यांचे निकटचे नाते होते. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधील शांत काळात तळ्यांत साचलेला गाळ पुढच्या लाव्हाखाली गाडला जाई. त्या गाळात झाडांची खोडे, फळे व बिया यांच्या पेशींची जागा सिलिका घेत असे आणि त्यांची अंतर्रचना जशीच्या तशी टिकून राही. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथील अशा थरांतील वनस्पतींचा साहनींनी कसून अभ्यास केला. खाडीकाठी वाढणाऱ्या निपा ताडाचे अश्मीभूत फळ तेथे आढळले आणि आज समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या त्या प्रदेशाजवळ एके काळी खाडी असावी, या विचाराला बळ मिळाले.

त्यांचा प्रत्येक निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकला असे नाही. बालपणीच्या परिचयाच्या त्या सॉल्ट रेंजमधील मीठ इओसीन काळातील असल्याचे त्यांनी सूक्ष्म वनस्पती-अवशेषांच्या आधारे आग्रहाने मांडले. आज ते मीठ त्याहून कितीतरी प्राचीन, सुमारे ५० कोटी वर्षांहूनही जुने मानले जाते. मात्र त्या वादामुळे खडकांतील सूक्ष्म अवशेषांकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक वेधले गेले, हे विसरता येत नाही.

पुरावनस्पतिशास्त्राची स्वतंत्र संस्था उभारावी हे त्यांचे अखेरचे स्वप्न होते. त्यासाठी साहनी व त्यांच्या पत्नी सावित्रीदेवी यांनी आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्मसंग्रह अर्पण केला. जीवाश्म जडविलेली कोनशिला स्वतः साहनींनी सिद्ध केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसविण्यात आली आणि अवघ्या सात दिवसांनी, १० एप्रिलला, साहनींचे निधन झाले. पतीचे अपुरे कार्य सावित्रीदेवींनी धीराने पुढे नेले, आणि लखनौची ती संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मुलाने खिशात भरून आणलेला खडा फेकून देण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी रुचिरामांचे स्मरण करावे. त्या खड्यापासून ग्रंथापर्यंतची वाट फार लांबची नसते. मात्र कोणीतरी बोट धरून तिच्यावर पहिले पाऊल टाकवावे लागते.