हिंगणघाटचा मोजणीदार

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने २० जानेवारी १८२३ रोजी देह ठेवला. तेथेच त्याची कबर आहे. शब्बाथशाळेच्या भिंतीवर जो हिंदुस्थानचा नकाशा आपण टांगतो, त्याच्या मुळाशी या मनुष्याचे श्रम आहेत.

यॉर्कशायरमधील सामान्य घरात जन्मलेला लॅम्बटन गणिताच्या जोरावर पुढे आला. १७९९ साली टिपूविरुद्धच्या लढाईत एका रात्री त्याची तुकडी चुकून शत्रूच्या रोखाने चालली होती. लॅम्बटनने तारे पाहून ही चूक दाखवली. सेनापतीला ते पटेना. पण होकायंत्र पाहिल्यावर तेच खरे ठरले.

१० एप्रिल १८०२ रोजी त्याने मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजण्यास आरंभ केला. लांबी साडेसात मैल, साधन शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हाने साखळी वाढते, म्हणून तिच्यावर सावली धरून उष्णता नोंदवीत. एक बाजू अचूक कळली की पुढचे त्रिकोण कोन मोजून गणिताने सुटतात. या त्रिकोणांनी दक्षिण हिंदुस्थानची रुंदी जुन्या नकाशांपेक्षा सुमारे चाळीस मैलांनी कमी भरली!

१८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र आदळून वाकले. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ते हळूहळू सरळ केले. त्याच्याबरोबर जंगलात ताप सोसणाऱ्या कितीतरी खलाशांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. देवाला ती ठाऊक आहेत.

पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम उत्तरेस नेले व १८३० साली पृथ्वीच्या आकाराचे गणित मांडले. भारतीय नकाशे दीर्घकाळ त्यावर उभे होते. परंतु गोल पृथ्वी सपाट कागदावर येत नाही. संत्र्याची साल दाबली तर फाटतेच. म्हणून मोजणीखाते पृथ्वीचे पट्टे पाडते, त्यांवर चौकोनांची जाळी आखते, कोन खरे राखते आणि अंतरात किती फरक पडतो ते लिहून ठेवते. २००५ च्या नकाशा धोरणाने सार्वजनिक नकाशांसाठी जगभर चालणारी अशी पद्धत स्वीकारली. तिच्यात पृथ्वीचे साठ पट्टे असून आपला सदलगा त्रेचाळिसाव्यात येतो.

लॅम्बटनचा संसार विवाहबंधनाबाहेरचा होता. त्याला आम्ही संत म्हणत नाही. मात्र त्याच्या कामातून एक गोष्ट शिकावी. चांगला नकाशा चूक लपवीत नाही, तिचे माप सांगतो. आपण प्रभूपुढे तसे करतो काय?

१९५६ साली राज्याची सीमा आखली गेली आणि सदलगा तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे (आजच्या कर्नाटकात) गेले, कागल तेव्हाच्या मुंबई राज्याकडे (आजच्या महाराष्ट्रात) राहिले. त्रेचाळिसावा पट्टा मात्र दोघांचा एकच आहे. मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांना एका बाकावर बसवताना शिक्षकांनी ही गोष्ट अवश्य सांगावी.