अमिगाचे जनक : जे ग्लेन मायनर

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या एका विद्यार्थ्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जड वस्तू वर्गात आणली. कामरेजच्या आसपासची कितीतरी कुटुंबे विलायतेस स्थायिक झाली आहेत, हे आपण सारे जाणतोच. त्याच्या शेजारचे असेच एक वृद्ध गृहस्थ इंग्लंडातील बिऱ्हाड आवरून गावी परतले, तेव्हा त्यांच्या सामानात मुलाच्या बाळपणीचा हा संगणक निघाला. कळफलक व संगणक एकाच कवचात, कवच उन्हाने पिवळसर पडलेले. सोबत विजेची विटेएवढी डबी, दूरदर्शन-संचास जोडण्याचे एक उपकरण, एक माऊस आणि बुटाच्या खोक्यात भरलेल्या फ्लॉप्या. कवचावर कमोडोर आणि अमिगा ५०० अशी नावे. भंगारवाल्याकडे जाण्यापूर्वी तो एकदा मास्तरांस दाखवावा, असे त्या मुलाच्या मनात आले. याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहोत.

विज्ञानाच्या खोलीतील जुन्या दूरदर्शन-संचास तो जोडला. पडद्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर फ्लॉपी धरलेला एक हात उमटला, आणि फ्लॉपीच्या खाचेतून थोड्या थोड्या वेळाने टक् टक् असा आवाज येऊ लागला. जणू भुकेला पाहुणा ताटावर बोटे वाजवीत आहे. बहुतेक फ्लॉप्यांस बुरशी लागलेली होती. बऱ्याच खटाटोपानंतर एक चालली. तो १९९१ सालचा लेमिंग्ज नावाचा खेळ. हिरव्या केसांचे, निळ्या अंगरख्याचे इवलेसे जीव एकामागोमाग एक चालत येतात आणि कोणी अडविले नाही तर बेलाशक कड्यावरून खाली पडतात. कोणास खणावयास लावून, कोणाकडून पूल बांधवून त्यांस वाचवावयाचे. भ्रमणध्वनीवर रोज भपकेबाज खेळ खेळणारी आमची मुले शाळा सुटल्यावरही तासभर त्या पडद्यासमोरून हलली नाहीत. मग एकीने विचारले की, हे यंत्र कोणी बनविले? कंपनीचे नाव कवचावर होते, माणसाचे नव्हते. आम्हांस उत्तर देता आले नाही. ते पुढे शोधून काढले, तेच येथे देत आहोत.

जे ग्लेन मायनर यांचा जन्म ३१ मे १९३२ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात प्रेस्कॉट या गावी झाला. ते लहान असतानाच कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. शालेय शिक्षण संपताच ते तटरक्षक दलात दाखल झाले. त्या दलाने त्यांस कनेक्टिकट राज्यातील ग्रोटन येथे शिक्षणासाठी धाडले आणि तेथे इलेक्ट्रॉनिक्स या विषयाशी त्यांची प्रथम गाठ पडली. नंतर काही वर्षे उत्तर अटलांटिक महासागरावर हवामान-निरीक्षणाच्या सेवेत गेली. सेवा संपल्यावर त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला व १९५८ साली अभियांत्रिकीची पदवी मिळविली. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे सहाध्यायांहून बरेच थोर.

त्या काळी एक मोठे स्थित्यंतर घडत होते. पूर्वी ज्या कामास कपाटभर सुटे भाग लागत, ते सारे सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर कोरता येऊ लागले होते. आमच्या अनेक विद्यार्थ्यांचे वडील हिऱ्याच्या कारखान्यात काम करतात. डोळ्यास भिंग लावून, दाण्याएवढ्या खड्यावर पैलू पाडताना हात किती स्थिर असावा लागतो हे त्या मुलांस सांगावयास नको. चिपचा आराखडा करणे हे याहूनही नाजूक काम. मायनर त्या विद्येत अगदी आरंभीच्या काळी शिरले. १९६४ च्या सुमारास ते जनरल मायक्रो-इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत अशा चिपा बनवीत होते, आणि १९७३ साली सिनर्टेक ही कंपनी स्थापन करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता.

तेथून ते अटारी या खेळांच्या कंपनीत आले. १९७७ साली अटारीने घरच्या दूरदर्शन-संचावर खेळावयाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या चित्राची व आवाजाची चिप घडविण्यात मायनर यांचा मोठा वाटा होता. त्या यंत्राची स्मरणशक्ती अवघी १२८ बाइट. एखादे लहानसे वाक्य लिहावे तर तेवढ्यात ती संपावी. पडद्यावरचे चित्र साठवावयासही तीत जागा नव्हती, म्हणून संचाचा किरण पडद्यावर जसजसा धावे, तसतशी प्रत्येक ओळ त्याच क्षणी रचून द्यावी लागे. अशा दारिद्र्यातून लाखो मुलांचे खेळ निघाले. पुढे १९७९ साली आलेल्या अटारी ४०० व ८०० या गृहसंगणकांच्या चिपांचे कामही मायनर यांच्याच नेतृत्वाखाली झाले.

येथपर्यंत सारे सुरळीत चालले होते. मायनर यांस आता मोटोरोला कंपनीच्या ६८००० या नव्या, अधिक समर्थ प्रोसेसरवर आधारलेला संगणक बनवावयाचा होता. वरिष्ठांस मात्र चालू मालाच्या विक्रीपुढे दुसरे काही दिसेना. मायनर यांनी नोकरी सोडली आणि ते एका लहान कंपनीत हृदयाच्या पेसमेकरसाठी चिपा बनवू लागले. खेळ सोडून हृदयाकडे वळलेल्या या माणसाचे स्वतःचे शरीर मात्र त्यास साथ देत नव्हते. मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांस आयुष्याचा बहुतेक काळ ग्रासले होते. मूत्रपिंडे रक्त गाळण्याचे काम करतात. ती थकली की डायलिसिसच्या यंत्राशी तासन् तास जखडून राहावे लागते. मायनर यांच्या वाट्यास तेही आले.

१९८२ साली अटारीतील एका जुन्या सहकाऱ्याने त्यांस साद घातली. फ्लोरिडातील काही दंतवैद्यांजवळ पैसा होता आणि खेळांच्या यंत्रांस त्या वेळी भरभराट होती. दंतवैद्यांस खेळाचे यंत्र हवे होते. मायनर यांनी कबूल केले; परंतु त्या यंत्रास कळफलक व फ्लॉपी जोडली की तो पुरता संगणक व्हावा, अशी सोय त्यांनी मुळातच योजिली. कंपनीचे नाव पुढे अमिगा असे ठेवण्यात आले. स्पॅनिश भाषेत अमिगा म्हणजे मैत्रीण. वर्णानुक्रमाने लावलेल्या यादीत हे नाव ॲपल व अटारी या दोहोंच्याही आधी येई, हा त्यातील व्यवहार!

मायनर यांची मूळ कल्पना थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. सामान्य संगणकात एकच प्रोसेसर सर्व कामे करी. चित्र काढी, आवाज करी, हिशेबही करी. आमचे बाळपण कोंकणात गेले. तेथे जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक होते. राजाचा वेष घेतलेला नट गातो, लढतो, भाषणे करतो. परंतु हार्मोनियम वाजवावयास वेगळा माणूस असतो, पखवाजास वेगळा आणि झांजेस वेगळा. राजानेच पेटी वाजवावयाची म्हटले तर तलवार कोण धरणार? मायनर यांनी हीच कामाची वाटणी संगणकात आणली. त्यांच्या यंत्रात मुख्य प्रोसेसराजवळ तीन साह्यकर्त्या चिपा होत्या. ॲग्नस स्मरणशक्तीतील चित्रांचे तुकडे झपाट्याने इकडून तिकडे हलवी, डेनिस पडद्यावर रंग उमटवी आणि पॉला चार स्वतंत्र स्वर वाजवी व फ्लॉपीकडेही पाही. तिन्ही नावे स्त्रियांची. प्रतिस्पर्ध्यांच्या कानी संभाषण पडले तरी त्यांस काही उमगू नये, म्हणून ही युक्ती केली असे सांगतात.

रंगांविषयी एक हिशेब. लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या १६ छटा हे यंत्र दाखवू शके. १६ गुणिले १६ गुणिले १६ म्हणजे ४०९६ रंग. त्याच काळच्या आय.बी.एम. संगणकाच्या नेहमीच्या चित्रपद्धतीत एका वेळी ४ रंग दिसत. हे ४०९६ रंग एकदम पडद्यावर आणण्याची जी खास पद्धत होती, ती पुढे मायनर यांसच निरुपयोगी वाटू लागली व ती काढून टाकावी असे त्यांनी सुचविले. परंतु चिपच्या आराखड्यात त्यामुळे मोकळी जागा पडेल आणि सारे पुन्हा रचावयास वेळ नाही, असे उत्तर मिळाल्याने ती राहिली. पुढे याच पद्धतीमुळे पडद्यावर छायाचित्रासारखी चित्रे दिसू लागली व लोक चकित झाले. थोरांचेही अंदाज असे चुकतात, हे कळून आम्हांस थोडे बरेच वाटले.

कचेरीत मायनर यांच्याबरोबर एक कुत्री रोज येत असे. तिचे नाव मिची. कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांच्या संकरातील ही लहानशी कुत्री आराखड्यांच्या चर्चा चालू असता मायनर यांच्याजवळच बसून असे. निवांत वेळी मायनर बोन्साय झाडे वाढवीत. लहान कुंडीत वटवृक्षाचा थाट उभा करण्याचा त्यांचा हा छंद त्यांच्या धंद्याशी जुळताच होता, असे आम्हांस वाटते.

१९८३ साली अमेरिकेत खेळयंत्रांचा बाजार एकाएकी कोसळला. पुरता संगणक बनविण्याचा मायनर यांचा हेतू आता सर्वांस पटला, परंतु पैसा आटला. जानेवारी १९८४ मध्ये लास व्हेगास येथील प्रदर्शनात त्यांनी आपले यंत्र मोजक्या लोकांस दाखविले. चिपा अद्याप तयार नव्हत्या, म्हणून त्यांच्या जागी शेकडो सुटे भाग तारांनी जोडून मोठे फलक केले होते. ते उशांत गुंडाळून विमानाने नेले, आणि त्यांच्यासाठी काढलेल्या तिकिटावर प्रवाशाचे नाव जो पिलो, म्हणजे जो उशी, असे लिहिले! पडद्यावर तांबड्या-पांढऱ्या चौकटींचा एक चेंडू टपटप उसळताना पाहून बघणाऱ्यांस खरे वाटेना. टेबलाखाली दुसरा मोठा संगणक दडविला असेल, अशी शंका लोकांस येई.

पुढे अटारीकडून ५ लाख डॉलर उसने घ्यावे लागले. जूनअखेर फेड न झाल्यास चिपांचे हक्क अटारीकडे जावयाचे होते. जी कंपनी मायनर यांनी सोडली, तिच्याच हाती त्यांचे सारे कष्ट जाण्याची वेळ आली होती. ऐन मुदतीच्या वेळी कमोडोर कंपनीने पैसे दिले, कर्ज फिटले आणि त्याच वर्षी कमोडोरने अमिगा कंपनी विकत घेतली.

२३ जुलै १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये अमिगा १००० चे समारंभपूर्वक प्रकाशन झाले. प्रख्यात चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी सर्वांसमोर त्या संगणकावर गायिका डेबी हॅरी हिचे चित्र रंगविले. यंत्र उत्तम होते, किंमत १२९५ डॉलर होती. परंतु ते कोणास व कशासाठी विकावे हे कंपनीस नीटसे उमगले नाही. १९८७ साली आलेला स्वस्त अमिगा ५०० मात्र युरोपातील घराघरांत शिरला. त्याच पिढीतील एक यंत्र आता आमच्या विज्ञानाच्या खोलीत आहे. आपल्याकडे त्या सुमारास, १९८४-८५ पासून, क्लास योजनेखाली निवडक शाळांत बी.बी.सी. मायक्रो संगणक येत होते.

जाता जाता एक गंमत. हा संगणक बिघडून थांबला की काळ्या पडद्यावर लाल चौकट लुकलुकते आणि आत गुरु मेडिटेशन अशी अक्षरे दिसतात. अमिगा कंपनीने आरंभी पायाखाली ठेवून अंग कलवून खेळावयाची एक फळी विकली होती. संगणक वारंवार बंद पडू लागला की तेथील मंडळी त्या फळीवर मांडी घालून न हलता बसण्याचा प्रयत्न करीत. त्यावरून हा संदेश आला. आमच्या मुलांस तो इतका आवडला की यंत्र बिघडावे म्हणून ती वाट पाहतात.

कमोडोरशी मायनर यांचे फार काळ जमले नाही. कॅलिफोर्नियातील कचेरी बंद झाली, मंडळी पांगली. मायनर पुन्हा हृदयाच्या उपकरणांकडे वळले व शरीरात बसवावयाच्या डिफिब्रिलेटरच्या चिपांवर काम करू लागले. तथापि अमिगा वापरणाऱ्यांच्या मंडळांत ते आवर्जून जात आणि शंकांची उत्तरे देत. १९९० च्या सुमारास त्यांच्या बहिणीने स्वतःचे एक मूत्रपिंड त्यांस दिले. त्यावर त्यांस आणखी चार वर्षे मिळाली.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोर कंपनीने दिवाळे काढले. मायनर यांच्या हयातीतच त्यांच्या यंत्राचे घर मोडले. २० जून १९९४ रोजी माउंटन व्ह्यू येथील रुग्णालयात ते निवर्तले. वय ६२ वर्षे. यानंतर वीस वर्षांनी, २०१४ साली, पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात पडून असलेल्या फ्लॉप्यांतून वॉरहॉल यांनी अमिगावर काढलेली चित्रे एका विद्यापीठातील संगणक-मंडळाच्या सभासदांनी परत मिळविली. बुटाच्या खोक्यातील आमच्या उरलेल्या फ्लॉप्यांविषयी तेव्हापासून आम्हांसही थोडी आशा वाटते.

अमिगा १००० च्या झाकणाच्या आतील बाजूस ते यंत्र घडविणाऱ्यांच्या सह्या साच्यातच उमटविलेल्या आहेत. मायनर यांची सही तेथे आहे, आणि जवळच मिचीच्या पंजाचा ठसाही आहे. हे वर्गात सांगताच मुलांनी आमचा संगणक उघडण्याचा आग्रह धरला. स्क्रू काढून झाकण उचलले. धूळ, एक वाळलेला कोळी, आणि एका काळ्या चिपवर ८३६४ हा आकडा, म्हणजे पॉला. सह्या केवळ १००० या पहिल्या यंत्रातच होत्या, ५०० मध्ये त्या नाहीत, हे आम्ही पुनःपुन्हा सांगितले. तरीही संगणक आणणाऱ्या त्या मुलाने विजेरी मागून घेतली आणि झाकण उलटे धरून तो कितीतरी वेळ पंजा शोधीत राहिला.