पोयबावडीच्या दोन खोल्या

१९४१ सालच्या फेब्रुवारी महिन्यात, २२ आणि २३ या तारखांना, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. परिषदेचा विषय वतनाचा होता. गावकीची कामे, सरकारी वर्दी आणि वेळीअवेळी निघणारी वेठ यांच्या मोबदल्यात मिळणारा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचे बलुते, असे या वतनाचे स्वरूप होते. नाव वतनदाराचे, पण जिणे बांधलेल्या माणसाचे. हे वतन सुधारावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. गावकुसाबाहेरच्या माणसाने ही बेडी तोडली तर त्याने जायचे कोठे, या प्रश्नाचे एक उत्तर शहर हे होते आणि ते उत्तर बाबासाहेबांनी स्वतः जगून पाहिले होते. त्यांच्या आयुष्यातील तीसएक वर्षे मुंबईच्या गिरणगावातील चाळींत गेली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदली जाते. तिचा अर्थ मात्र क्वचितच उलगडला जातो.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेल्या भीमरावांचे बालपण दापोली आणि सातारा येथे गेले. वडील रामजी सकपाळ हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. चूल तीच, माजघर तेच, निजायची जागा तीच आणि अभ्यासिकाही तीच. धूर, भांडी, सरपण आणि माणसे यांनी ती खोली भरलेली असे. जागा नाही म्हणून सुभेदारांनी वेळेची वाटणी केली. मुलाने संध्याकाळी लवकर निजावे. बापाने रात्री दोनपर्यंत जागे राहावे. मग मुलाला उठवून त्याच्या जागी आपण आडवे व्हावे. रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, घर निजलेले असताना, एल्फिन्स्टन हायस्कूलचा हा विद्यार्थी पहाटेपर्यंत वाचत बसे. पुस्तकाला पैसे नसले की सुभेदार लेकीच्या घरी जात, तिचा दागिना उसना घेऊन गहाण टाकीत आणि पेन्शन आल्यावर सोडवून परत करीत.

दिवसा वाचण्यासाठी भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाची नजर त्यांच्यावर गेली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यास तेच कारण झाले. एका शिक्षकाने बागेत वाचणाऱ्या अनोळखी मुलाची चौकशी केली, एवढीच ही घटना. पण तिच्यातून काय उभे राहिले, हे सांगण्याची गरज नाही.

पुढचे घरही परळातच, पोयबावडीला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाटीची वस्ती उघडी पाडली आणि १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. लँकेशायरच्या गिरणगावांनी कामगारांसाठी घराला घर चिकटवून लांबच लांब रांगा उभारल्या. मुंबईत जमीन महाग, म्हणून त्याच रांगा एकावर एक रचल्या गेल्या. लांब सामाईक गॅलरी, तिच्यावर उघडणारी एकेका खोलीची घरे, नळ आणि संडास सर्वांचे मिळून, असा हा संसार. या चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत आंबेडकर कुटुंब १९१२ च्या सुमारास आले आणि १९३४ च्या सुमारापर्यंत राहिले.

ही बावीस वर्षे नीट पाहिली पाहिजेत. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार निवर्तले. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. १९१७ साली परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेचे चटके बसले आणि ते पुन्हा मुंबईस आले. १९१८ अखेर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. तेथेही सहकाऱ्यांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये, असा आक्षेप निघाला. प्राध्यापकाच्या पगारात चाळ सोडून चांगले घर घेता आले असते. पण लंडनचा अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायचा होता. म्हणून बिऱ्हाड त्याच दोन खोल्यांत राहिले आणि शिल्लक बाजूला पडत गेली. १९२० साली ते लंडनला गेले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले ते याच चाळीत. महाडचा सत्याग्रह, नाशिकच्या काळाराम मंदिराचा लढा, लंडनच्या गोलमेज परिषदा आणि १९३२ चा पुणे करार, या सर्व काळात त्यांचा पत्ता परळचाच होता. ज्याच्याशी ब्रिटिश पंतप्रधान आणि महात्मा गांधी वाटाघाटी करीत होते, त्याच्या घरचे पाणी सामाईक नळावरून भरले जात होते.

या साधेपणाचे कौतुक करताना त्याची किंमत कोणी मोजली हे विसरून चालणार नाही. ती प्रामुख्याने रमाबाईंनी मोजली. पती परदेशी असताना अपुऱ्या पैशांत दीर, जावा आणि मुले यांचा संसार त्यांनी ओढला. पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव जगले. दादरला पुस्तकांसाठी म्हणून प्रशस्त बांधलेल्या राजगृहात कुटुंब राहावयास गेले खरे, पण २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. दाटीच्या वस्तीने आणि दारिद्र्याने पोखरलेली प्रकृती नव्या घराने सावरली नाही.

चाळीने बाबासाहेबांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे कामगाराची जवळून ओळख. शहरात आल्याने जात सुटते, असा भ्रम त्यांना राहणे शक्य नव्हते. चाळींतही माणसे गाव आणि जात पाहून एकत्र राहत. गिरणीत अस्पृश्याला कताई खात्यात काम मिळे. जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र नाही. कारण काय, तर धोट्यातून धागा ओढताना तो तोंडाने ओढावा लागे आणि म्हणून विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. भांडवलदाराविरुद्ध एकजूट हवी असेल तर ती खात्याच्या दारापाशी थांबता कामा नये, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते आणि कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. रोज पाळीवर जाणाऱ्यांच्या शेजारात राहिलेल्या माणसाला सहा तासांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तडवळ्याच्या परिषदेला जमलेल्यांपुढे उभा राहिलेला पुढारी तो हा होता. वतनाची भाकर सोडा असे सांगण्याचा अधिकार त्याला होता, कारण ती सोडल्यावर वाट्याला येणारी खोली त्याने पाहिली होती. ती अंधारी होती, अपुरी होती. पण तेथे महिन्याचा पगार हातात पडत होता आणि मुलाला शाळेत घालता येत होते. धाराशिवच्या दुष्काळी पट्ट्याला हेच दार सोलापूर आणि बार्शीच्या गिरण्यांनी काही काळ उघडे ठेवले.

पुढे ती दारे बंद झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येचे काम कायमचे गेले. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. कामगारांना सोडतीत २२५ चौरस फुटांची घरे, तीही वाट पाहून, आणि सर्वांना नव्हे. बाबासाहेबांच्या भव्य स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले, ते दादरच्या इंदू मिलच्या, म्हणजे एका बंद गिरणीच्या जागेवर. ही जागा योग्यच आहे. परंतु स्मारकाची उंची मोजताना त्या खोलीची लांबी-रुंदीही ध्यानात ठेवली पाहिजे.

कारण चाळीमुळे आंबेडकर घडले, असे म्हणणे हा मोठा अन्याय होईल. ते चाळ असूनही घडले. रात्री दोनपर्यंत जागणारा बाप, बागेत थांबून चौकशी करणारा शिक्षक आणि शिष्यवृत्ती देणारा राजा, हे तिन्ही लाभले म्हणून घडले. ज्यांना त्यांपैकी एकही लाभले नाही, अशा त्याच गॅलरीतील शेकडो मुलांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. आजही तडवळ्याच्या परिसरातला विद्यार्थी पुण्याला किंवा लातूरला जाऊन एका खोलीत चौघे राहून अभ्यास करतो आणि बसायला जागा नाही म्हणून ग्रंथालयाच्या पायरीवर वाचतो. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारी गर्दी ही श्रद्धेची साक्ष आहे. तिच्यावर कोणी बोट ठेवू नये. पण तालुक्याच्या गावी रात्री उशिरापर्यंत उघडी असणारी अभ्यासिका, वेळेवर हाती पडणारी शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील एक कोरडी खाट, एवढे दिल्याखेरीज पोयबावडीच्या त्या दोन खोल्यांचे ऋण फिटले असे म्हणता येणार नाही.