विश्लेषण : खाशाबांचा गुडघा आणि हुकलेले मेलबर्न

स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकला का गेले नाहीत? उत्तर एका शब्दाचे आहे : गुडघा. हेलसिंकीच्या कांस्यपदकाची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. त्यानंतर चार वर्षांनी गुडघ्याने त्यांची वाट अडवली, ही गोष्ट मात्र एका ओळीत उरकली जाते.

ती ओळ जरा उलगडून पाहण्याला कारण आहे. अंथुर्णे, निमगाव केतकी, लासुर्णे या पट्ट्यात जत्रेचा फड भरला, की गुडघ्याला पट्टा बांधून कडेला बसलेला एखादा तरणा पैलवान दिसतोच. एमआरआयचा रिपोर्ट हातात असतो, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलेले असते आणि घरात दोन मते असतात. खाशाबांच्या काळात यातला रिपोर्टही नव्हता आणि ते ऑपरेशनही.

गोळेश्वर ते लंडन

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे पहिले धडे घरातच मिळाले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असताना १९४२च्या आंदोलनात भूमिगतांना आसरा देण्याच्या कामातही ते होते. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज आणि तालीम, दोन्ही एकदम सुरू झाले.

शरीरयष्टी लहान. समोरचा पैलवान आडदांड असला तरी चपळाईने त्याच्या अंगाखाली शिरायचे आणि ढाक टाकून उलथवायचे, ही त्यांची ओळख होती. ढाक हा डाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, त्यात हातांपेक्षा पाय आणि कंबर जास्त काम करतात. एक पाय रोवायचा आणि त्यावर अख्खे शरीर फिरवायचे. म्हणजे सगळा भार आणि सगळा पीळ गुडघ्यावर.

१९४८ला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला आणि खाशाबा लंडन ऑलिम्पिकला गेले. तोवरची सगळी कुस्ती तांबड्या मातीतली. मॅट म्हणजे काय, ते तिथेच कळले. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे तयार केले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. मॅटवर नवख्या असलेल्या पैलवानासाठी ही कामगिरी मोठीच म्हणायला हवी.

हेलसिंकी, २३ जुलै १९५२

पुढची चार वर्षे तयारीत गेली आणि निवडीच्या वेळी गोंधळ झाला. आपल्याला डावलले जात आहे असे वाटल्यावर खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत लावली गेली, त्यांनी निरंजन दास यांना हरवले आणि संघात जागा मिळवली. आता प्रश्न पैशांचा होता. गावाने वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आजच्या स्पॉन्सरशिपच्या जमान्यात हा आकडा किरकोळ वाटेल, पण एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी डोक्यावरचे छप्पर पणाला लावले होते.

हेलसिंकीत बँटमवेट फ्रीस्टाइल गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली लांबलचक लढत ते हरले. त्यानंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्ह यांच्याविरुद्ध उतरायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशी यांना सुवर्ण, ममादबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

कराड स्टेशनावरून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम कुठले केले असेल, तर कोल्हापूरला कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

मग गुडघा गेला

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. पोलिसांच्या स्पर्धा गाजवत होते, नजर मेलबर्नवर होती. तिशीचा पैलवान, दोन ऑलिम्पिकचा अनुभव, मॅटची सवय झालेली. त्याच सुमारास गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि तिसरे ऑलिम्पिक हुकले. त्यानंतर ऑलिम्पिकच्या मॅटवर ते पुन्हा उतरले नाहीत.

गुडघा नेमका कसा जातो? इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला गुडघा पाहिला की बिजागरी आठवते, पण तो साधी बिजागरी नाही. वाकताना तो थोडा फिरतो, थोडा सरकतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जागेवर धरतात चार मुख्य लिगामेंट : दोन बाजूंना दोन आणि आत एकमेकांना छेदून जाणारी दोन. आतल्यांपैकी पुढचे म्हणजे एसीएल. मध्ये दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. पाय जमिनीला घट्ट चिकटलेला असताना शरीर फिरले किंवा बाजूने वजन पडले, की यातले काहीतरी फाटते. मातीत अनवाणी पाय थोडासा सरकून जातो. मॅटवर बूट घातलेला पाय तेवढा सरकत नाही, मग पीळ वर गुडघ्यात जातो.

फाटताना अनेकांना कट असा आवाज जाणवतो. काही तासांत गुडघा टम्म सुजतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, माणूस चालू लागतो आणि बरे झाले असे समजतो. खरी फसगत इथे होते. चालताना गुडघा दुखत नाही, पण वळताना अचानक निसटतो. असा निसटणारा गुडघा घेऊन कुस्ती खेळत राहिले, तर शाबूत असलेली गादीही फाटत जाते.

१९५६ला डॉक्टर काय करू शकत होते?

फार थोडे. एमआरआय दवाखान्यांत आला १९८०च्या दशकात. एसीएल तपासण्याची आज सगळीकडे वापरली जाणारी हाताची चाचणी, लॅकमन चाचणी, १९७६ साली वैद्यकीय लेखनात आली. लिगामेंट शिवण्याचे आणि बदलण्याचे प्रयत्न इंग्लंडमध्ये १८९५ आणि १९१७ला झाले होते, पण ते नेहमीचे ऑपरेशन नव्हते. वाटीखालच्या कंडरेचा तुकडा घेऊन एसीएल नव्याने बनवण्याची केनेथ जोन्स यांची पद्धत १९६३ची. दुर्बिणीने गुडघ्यात डोकावण्याची सुरुवात टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ला केली होती खरी, पण दुर्बिणीतून गादीचा फाटका भाग काढण्याचे पहिले ऑपरेशन त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ला केले.

म्हणजे मेलबर्नच्या वेळी जगातल्या चांगल्या रुग्णालयातही गुडघा उघडून पूर्ण गादी काढून टाकणे आणि मग कित्येक आठवडे प्लास्टर, असाच मार्ग होता. प्लास्टर काढल्यावर मांडी काठीसारखी बारीक झालेली असायची. आपल्याकडे तालमीत वस्तादाची मालीश, हळदीचा लेप आणि हाडवैद्य. मुरगळण्यावर, लचकण्यावर यातले काही आराम देत असेलही, पण तुटलेली एसीएल मालिशीने जुळत नाही. ती सांध्याच्या द्रवात बुडालेली असते, रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे बहुतेक वेळा तुटलेली टोके आपोआप सांधत नाहीत. बाजूचे आतल्या अंगाचे लिगामेंट मात्र बहुतेकदा पट्ट्यावर भरून येते. म्हणून आधी कोणते लिगामेंट, हे विचारायला हवे. सगळ्याच लिगामेंटना ऑपरेशन लागत नाही.

आज ऑपरेशन टाळता येते का?

एसीएलच्या बाबतीतही काही वेळा येते. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेल्या आणि २०१०ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्यांचे लगेच ऑपरेशन केले, उरलेल्यांना आधी व्यायाम दिला. व्यायामाच्या गटातल्या सुमारे ४० टक्के लोकांना दोन वर्षांत ऑपरेशन करून घ्यावे लागले, बाकीच्यांचे तोवर त्याविना भागले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत फारसा फरक नव्हता. दुकान चालवणाऱ्या, शेतात सरळ चालणाऱ्या माणसाला ही बातमी दिलासा देणारी आहे. पैलवानाला, कबड्डीपटूला तितकी नाही, कारण त्यांचा खेळच वळण्याचा आहे. गुडघा निसटत असेल आणि मैदानात परतायचे असेल तर डॉक्टर बहुधा ऑपरेशनच सुचवतात. पण तेही सुजलेल्या, अडकलेल्या गुडघ्यावर घाईने नाही. आधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा.

ऑपरेशन दुर्बिणीने होते. मांडीच्या मागच्या बाजूची किंवा वाटीखालची कंडरा घेऊन हाडांत बोगदे पाडून नवी एसीएल बसवतात. काही दिवसांत माणूस कुबड्यांवर घरी. ऑपरेशन तास-दीड तासाचे असते, तिथून पुढे मात्र नऊ महिने ते वर्ष जाते आणि घरच्यांना हेच आधी कुणी सांगत नाही. सुरुवातीचे आठवडे फक्त गुडघा सरळ करणे आणि मांडीचा स्नायू जागा करणे. मग सायकल, हळूहळू वजन, तीन-चार महिन्यांनी सरळ रेषेत पळणे. जोर आधी सुरू होतात, बैठका बऱ्याच उशिरा. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे हेही डॉक्टर आणि फिजिओने सांगितल्यावरच.

सगळ्यात घातक काळ दुसरा-तिसरा महिना. दुखणे थांबलेले असते, मांडीत ताकद येऊ लागलेली असते, आणि नेमकी तेव्हाच आत बसवलेली कंडरा सगळ्यात नाजूक झालेली असते. शरीर तिचे लिगामेंटमध्ये रूपांतर करत असते आणि या उलथापालथीत ती ऑपरेशनच्या दिवशी होती त्याहूनही कमजोर होते. जत्रेच्या इनामाची कुस्ती या काळात आली, तर वस्तादाने पोराला घरी पाठवावे. मैदानात परतताना कॅलेंडरसोबत पायही मोजतात : ऑपरेशनच्या पायावर एकपायी उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के जायला हवी.

अंथुर्ण्याहून बारामतीला किंवा पुण्याला आठवड्यातून दोनदा फिजिओसाठी जाणे सोपे नाही, ऊसतोडीच्या आणि लागणीच्या दिवसांत तर नाहीच. त्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी पुढच्या सहा महिन्यांचे व्यायाम कोण घेणार, हे ठरवणे शहाणपणाचे. शासकीय योजनेत खर्च बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे आधीच विचारून घ्यावे.

परत येता येते याचा दाखला कुस्तीतच आहे. विनेश फोगाट यांचा उजवा गुडघा २०१६ला रिओत लढतीदरम्यान गेला आणि त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले. ऑपरेशन झाले, दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. ऑगस्ट २०२३मध्ये डाव्या गुडघ्याच्या एसीएलचे ऑपरेशन मुंबईत झाले आणि बरोबर वर्षभराने पॅरिसमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. पुढे वजनामुळे जे झाले ते सर्वांना माहीत आहे. गुडघा मात्र टिकला.

मेलबर्ननंतरचे खाशाबा

खाशाबांना दुसरी संधी मिळाली नाही. पोलीस दलात त्यांनी २७ वर्षे काढली, क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम केले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावे लागले. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालदौडीत त्यांना मान मिळाला. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, लिएंडर पेसचे कांस्य. महाराष्ट्राला तर थेट २०२४ला, नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या रूपाने, म्हणजे ७२ वर्षांनी. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दिल्लीत ज्या स्टेडियममध्ये कुस्त्या झाल्या, त्याला त्यांचे नाव आहे. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य सरकारने २०२३मध्ये राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. गोळेश्वरातल्या त्यांच्या घराचे नाव ऑलिम्पिक निवास.